अबोल्यावरची फेलोशिप

दि. ४ फेब्रुवारी

ती. आईस व ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दोघींना एकच मजकूर लिहिते आहे, पाकिटं मात्र दोन. एका पाकिटात घातलं असतं तर ते आधी कोणी उघडायचं या प्रश्नावर पत्र जिन्यातच वाळत पडलं असतं. फोन करायचा विचार केला होता, पण फोनवर तुम्ही दोघीही 'जेवलीस का' आणि 'बरी आहेस ना' यांच्यापुढे जात नाही. लिहायला बसलात की मात्र दोघींची गाडी सुसाट सुटते.

मी सुखरूप पोचले. संस्थेत आम्हा नव्या संशोधकांना मिळून एकच खोली आहे. टेबलं चार, खिडकी एक, आणि खिडकीवर डोळा सगळ्यांचा. माझ्या डाव्या हाताला एक तत्त्वज्ञानवाले गृहस्थ बसतात. त्यांचा विषय 'वचन'. चहाची साखर आणायचं वचन ते रोज देतात आणि रोज विसरतात. उजव्या हाताला रस्त्यावरच्या दिव्यांचा इतिहास लिहिणारी एक मुलगी आहे, ती अंधार पडायच्या आत घरी पळते. माझा विषय अबोला आहे म्हटल्यावर दोघांनीही पेनं खाली ठेवली आणि आपापल्या घरातली एकेक गोष्ट सांगितली. असं घर सापडतच नाही गं, जिथे कोणीतरी कोणाशी तरी बोलायचं थांबलेलं नाही.

आई, शेजारच्या काकूंना काय सांगायचं ते तू विचारलं होतंस. सांग की डॉक्टरेट झाल्यावर पक्की नोकरी लागेपर्यंत एखादी संस्था आपल्याला टेबल-खुर्ची आणि थोडा काळ देते आणि म्हणते, आता तुझं तू शोध. त्याला पोस्टडॉक म्हणतात. माझी फेलोशिप दोन वर्षांची आहे, पण दुसरं वर्ष समिती काम बघून देणार. ते मिळालं तर पुस्तक होईल. नाही मिळालं तर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती, पुन्हा मी तुमच्या जिन्यात.

आता मुख्य गोष्ट. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण तुमच्यावर आहे हे दोघींना माहीत आहे. दोन बहिणी, एक घर, दोन मजले, आणि निरोप पोचवणारी एक मुलगी. आजोबांचं आजारपण मावशीनं आईला ग्रंथपालाची परीक्षा संपेपर्यंत कळवलं नाही, आणि आई पोचली तेव्हा उशीर झाला होता, एवढंच कारण मी लिहिलं आहे. कोणाची बाजू घेतलेली नाही. मुलाखतीत समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं की ती मुलगी कोण. मी खरं सांगितलं. सगळे हसले, पण बाईंनी हसता हसता अट घातली. दोघींची लेखी संमती असेल तर हे घर अभ्यासात ठेवायला हरकत नाही, मात्र फेलोशिप चालू आहे तोवर मी एकीचा एकही निरोप दुसरीला पोचवायचा नाही. ज्याचा अभ्यास करायचा त्यात आपणच हात घालायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि घरात जे घडेल ते घडलं तसं कळवायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मी बोलायला लागले तेव्हा तुम्ही दोघी थांबलात. बाबा होते तोवर अर्धे निरोप ते नेत, नंतर सगळे माझ्याच डोक्यावर आले. तर आजपासून ही टपालसेवा बंद. 'वरती सांग' नाही आणि 'खाली कळव' नाही. जी जे लिहील ते माझ्याजवळच राहील. रागावू नका.

दोघींची माया वेगवेगळ्या मजल्यांवरून का होईना, अशीच पोचत राहो.

तुमची
ठमी


दि. ११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. संमतीचा कागद सही करून सोबत जोडला आहे. शेजारच्या काकूंना पोस्टडॉक नीट समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की मग गुडघ्यावर काही औषध देते का. मी म्हटलं, ती फक्त न बोलण्यावर उपाय शोधते. त्यावर त्यांनी माझ्याकडे आणि मग जिन्याकडे असं काही बघितलं की मी आत आले.

तुझी अट मला पटली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता वरचीला कळेल, माणूस नसलं की काय होतं ते. पण आधी कळलं ते मलाच. पंप खाली आणि टाकी वर, हे या घराचं मुळातलं दुखणं. तू असताना टाकी भरली की वरून तुला हाक यायची आणि तू खालचं बटण बंद करायचीस. रविवारी मी पंप लावला आणि पुस्तक वाचत बसले. टाकी भरली. वरची काही बोलली नाही. बोलणार तरी कोणाशी? पाणी जिन्यावरून उतरून माझ्या उंबऱ्याशी आलं तेव्हा मला कळलं. मग काय, मी खालून फडकं घेतलं, तिनं वरून घेतलं, आणि पुसत पुसत दोघी मधल्या पायरीवर आलो. तिथे दोघीही वळलो. जिना मात्र असा लख्ख कधीच झाला नव्हता.

शाळेच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' ही पाटी मीच लावली आहे, त्यामुळे मला हे जड जात नाही. पण तू प्रकरणात कोणाची बाजू घेतली नाहीस असं लिहिलंस, ते मला थोडं लागलं. माझे वडील होते. मला शेवटचं भेटता आलं नाही. यात बाजू घेण्यासारखं काही नाही का? बघ बाई, तू शिकलेली आहेस.

दुसरं वर्ष तुला मिळायलाच हवं. घरची काळजी करू नकोस, काम कर. खिडकीजवळचं टेबल मिळालं का ते कळव.

तुझं सगळं मनासारखं होवो, हाच आशीर्वाद.

तुझी
आई


दि. १५ फेब्रुवारी

चि. ठमाबाईंस,
थोरल्या मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सही पाठवते आहे. चित्रकलेच्या मास्तरणीची सही आहे, वाचता आली नाही तरी सुंदर आहे असं समज.

पाण्याचा किस्सा तुला खालून कळला असेलच. मी खिडकीतून बादली वाजवली होती, हे मात्र तिनं लिहिलं नसणार. ऐकूनही न ऐकल्यासारखं करण्यात तुझी आई लहानपणापासून तरबेज.

एक बातमी आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, शस्त्रक्रिया नऊ मार्चला ठरली. घाबरायचं कारण नाही, आजकाल सकाळी नेतात आणि दुपारी परत पाठवतात. नंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालायचे, तेवढंच. थेंब आपले आपल्याला घालता येत नाहीत म्हणतात, पण मी आरशासमोर सराव करते आहे. काल साध्या पाण्यानं केला. नाक, गाल आणि कॉलर ओली झाली, डोळा कोरडा.

खाली हे कळवायचं नाही. तिच्या शाळेत पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू आहे, उगाच धावपळ होईल. नाहीतरी तुला आता कळवता येणारच नाही, तेव्हा तुझ्या अध्यक्षबाईंना माझा नमस्कार सांग. फार सोयीची अट आहे.

तू मन लावून लिही. आपल्या घरात दोन वर्षं नुसता विचार करायला कोणाला मिळाली आहेत? मिळाली की सोडायची नसतात.

आठवण ठेव, पण कामाच्या वेळात नको.

तुझी
मावशी


दि. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू काय लिहिलं आहेस ते तुझं तुला कळलं का? तेव्हा आजोबांचं आजारपण आईच्या परीक्षेसाठी लपवलंस. आता तुझी शस्त्रक्रिया तिच्या मोजणीसाठी लपवते आहेस. आणि या वेळी लपवायला मला हाताशी धरलं आहेस.

मी आईला कळवलं तर अट मोडते आणि दुसरं वर्ष हातचं जातं. नाही कळवलं तर ज्या गोष्टीपायी तुम्ही दोघी इतकी वर्षं गप्प आहात, नेमकी तीच गोष्ट मी करते. वचनवाल्या गृहस्थांना नावगाव न सांगता विचारलं, की अशा वेळी माणसानं काय करावं. ते म्हणाले की यावर मोठा निबंध होईल. उपयोग शून्य. दिव्यांच्या इतिहासवालीनं मात्र मान वर न करता सांगितलं की डोळा आधी, फेलोशिप नंतर.

मलाही तेच वाटतं. म्हणून स्पष्ट लिहिते. महिनाअखेरपर्यंत तू स्वतः आईला सांग. तोंडानं नसेल जमत तर हातवाऱ्यांनी सांग, फळ्यावर चित्र काढून सांग, पण सांग. नाहीतर मी तिला लिहीन आणि समितीलाही कळवीन की अट मोडली. मला ही फेलोशिप हवी आहे मावशी, खूप हवी आहे. पण आईनं उद्या माझ्याशीही बोलणं टाकलं, तर तो अभ्यास मला झेपणार नाही.

डोळ्याला जप. आरशासमोरचा सराव बंद कर.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ठमी


दि. १९ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, हसू नकोस. शस्त्रक्रिया छान झाली. तुझ्या आईला आधीच कळलं होतं, मी सांगितलं म्हण हवं तर, तेव्हा तुझी अट शाबूत आहे. थेंब घालायला शेजारच्या नर्सबाई येतात. फार हलका हात आहे त्यांचा.

पट्टी काढल्यावर गंमतच झाली. सगळं पांढरं मला निळसर दिसतं आहे. इतकी वर्षं मी पिवळट काचेतून जग बघत होते आणि मुलांच्या आकाशाला गुण देत होते. कोणाचे किती गेले असतील कोण जाणे.

खालच्या मजल्याशी संबंध पूर्वीसारखेच. बोलणं नाही, चालणं नाही. तुझा विषय सुखरूप आहे, तू निर्धास्त लिही.

जास्त लिहायला डॉक्टरीणबाईंची मनाई आहे.

तुझी एका डोळ्यानं तरुण झालेली
मावशी


दि. २८ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कामाला उपयोग व्हावा म्हणून इकडची हकिकत सविस्तर लिहिते. अबोला उत्तम चालू आहे. वरची पूर्वीपेक्षाही ताठ झाली आहे. डोळ्याचं झाल्यापासून तर विचारूच नकोस. आता म्हणे जिन्याची भिंत पिवळसर नाही, पांढरीच आहे, आणि रंगाऱ्यानं आपल्याला फसवलं नव्हतं. इतकी वर्षं त्या बिचाऱ्याच्या नावानं खडे फोडले.

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अजून लाली आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ती जाईल. ताईला थेंब घालताना डोळा आधीच मिटायची खोड आहे, निम्मं औषध गालावर जातं. नर्सबाई कंटाळून जातात, असं ऐकते.

काल पाणी भरताना तिनं बादली वाजवली आणि मी मुद्दाम बटण बंद केलं नाही. हे लिहून घे. अशा गोष्टी तुमच्या समितीला आवडत असतील. आणखी काही हवं असेल तर कळव, इथे तुटवडा नाही.

दुसऱ्या वर्षाची बैठक कधी आहे? आम्ही दोघीही, म्हणजे मी इथे आणि ती तिथे, वाट बघतो आहोत.

सुखी राहा, भरपूर लिही.

तुझी
आई


दि. १२ एप्रिल

ती. आईस व ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी पाकीट एकच आहे आणि ते कोणी उघडायचं याची मला काळजी नाही.

आई, तू आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलंस, पण लिहिताना तू अगदीच कच्ची. मावशी भिंतीबद्दल काय म्हणते ते तुला कसं कळलं? काळा चष्मा घातलेल्या बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातली लाली जिन्यातून दिसते का? थेंब गालावर जातात हे नर्सबाईंनी सांगितलं म्हणावं, तर आपल्या शेजारी नर्स राहतच नाही. आणि जन्मात तुझ्याकडून 'वरची'शिवाय दुसरा शब्द ऐकला नाही, ती या पत्रात मधेच 'ताई' झाली. मी रात्रंदिवस अशाच खुणा वाचत असते. माझ्यापासून लपवायला दुसरं काहीतरी निवडायचं होतंत.

पहिल्यांदा मी इतकी हसले की खोलीतल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मग राग आला. माझ्या अभ्यासात अडथळा नको म्हणून तुम्ही माझ्यापासून गोष्ट लपवलीत! त्याच घरात, त्याच जिन्यात, पुन्हा तेच. आणि या वेळी दोघींनी मिळून. राग ओसरल्यावर मात्र मी तोंड धुवायला म्हणून गेले आणि बराच वेळ तिथेच रडत उभी राहिले. तुम्ही बोलता आहात. वर काय चाललंय ते खाली माहीत आहे. हे मला स्वप्नातसुद्धा खरं वाटलं नसतं.

पण खोटी हकिकत अभ्यासात घालता येत नाही. मी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षबाईंकडे गेले आणि दोन्ही पत्रं समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, बादलीपाशी त्यांनाही हसू आवरलं नाही. मग समिती बसली. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत माझी जागा राहील. दुसरं वर्ष मिळणार नाही. ज्या घरावर सगळी मांडणी उभी होती ते घरच उरलं नाही, असं त्यांनी लिहिलं आहे, आणि ते बरोबर आहे. हवं तर नव्या विषयासह नवा अर्ज करावा, तो इतर सगळ्या अर्जांबरोबर रांगेत लागेल. ती रांग किती लांब असते ते मी बघितलेलं आहे.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पुस्तकाचा आराखडा भिंतीवर लावला होता, तो उतरवून ठेवला. वचनवाल्या गृहस्थांनी त्या दिवशी चक्क साखर आणली.

नवा अर्ज मात्र मी करणार आहे. अबोला कसा सुरू झाला हे मला प्रत्येक माणसानं तासन्‌तास सांगितलं. तो कसा संपला हे विचारलं की सगळे अडखळतात. संपला एकदाचा, म्हणतात. पहिलं वाक्य कोण बोललं आणि काय बोललं, हे कोणालाच आठवत नाही. तुमचं ताजं आहे, म्हणून विचारते. पदरचं काही न घालता लिहा. ही माझी शिक्षा समजा.

रागावलेली, आणि तुमच्यावर फार जीव असलेली,
ठमी


दि. २० एप्रिल

चि. ठमीस,
दोघींचे अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं, आईचं आहे. ताई शेजारी बसली आहे आणि मधे मधे लुडबुडते आहे.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या वर्षाच्या ओळीपाशी मला पुढे वाचता आलं नाही, मग ताईनं एका डोळ्यानं वाचलं. आमच्यामुळे तुझं नुकसान झालं. चांगलं करायला गेलो आणि तुझ्याच पायावर धोंडा पाडला. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून तू विचारलंस तेवढं लिहिते.

तुझं ते रागाचं पत्र ताईला मिळाल्यावर फेब्रुवारीतच एका संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. बोलली नाही. स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली. मीही बोलले नाही. पण नऊ तारखेला रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. तिथे नर्स मला विचारायची, मी नर्सला सांगायची. नर्स तिला विचारायची, ती नर्सला सांगायची. शेवटी त्या बाईनं हळूच विचारलं की तुमच्यापैकी ऐकू कोणाला येत नाही.

घरी आल्यावर थेंब घालायचे होते. मी बाटली घेऊन समोर उभी राहिले, ती डोळा मिटून बसलेली. मी तसेच दोन-तीन थेंब गालावर सांडले. बोलल्याशिवाय ते काम होतच नाही गं. मग मी म्हटलं, वर बघ. झालं. हेच पहिलं वाक्य.

माझ्या मते ते बोलणं धरायचं नाही, ते औषध होतं. ताई म्हणते धरायचं, कारण तिनं त्यावर बघतेय असं उत्तर दिलं. यावरून आमचं कालच भांडण झालं. मग ती आजोबांबद्दल बोलली, पण ते मी इथे लिहीत नाही. ते तू घरी आलीस की सांगेन, आणि तेही तुझ्या अभ्यासासाठी नाही.

आता पुढचं ताई लिहिते.

ठमाबाई, मास्तरणीचं अक्षर आता सुधारलं आहे बघ. तुझ्या आईनं एक गोष्ट लिहायची टाळली, ती मी लिहिते. तुझं पत्र आलं त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं की झालं गेलं विसरून पुन्हा अबोला धरायचा. मधले दिवस आजारपणाची सुट्टी होती असं समितीला सांगता येईल, तुझं वर्ष वाचेल. अगदी मनापासून ठरवलं, नाटक नाही. सकाळी उठल्यापासून ती खाली, मी वर. तिनं पंप लावला, मी बादली वाजवली, तिनं बटण बंद केलं. सगळं पूर्वीसारखं.

दुपार झाली तशी मला तुझी काळजी वाटायला लागली. ती मुलगी आता काय करेल, नवा अर्ज जमेल का तिला, जेवत तरी असेल का. पूर्वी अशी काळजी वाटली की मी तुलाच हाक मारायची. आता ती बोलून दाखवायला आख्ख्या गावात एकच माणूस होतं. मी जिना उतरायला लागले, तर तुझी आई त्याच कामासाठी वर येत होती.

तेव्हा पोरी, माफ कर. तुझ्यासाठी आम्ही खरंच प्रयत्न केला. जमलं नाही.

अर्ज कर. मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर दोन्ही मजले तुझे.

तुझी आई
आणि तिच्या शेजारी बसलेली
तुझी मावशी